पहिला तांब्या

चैत्राच्या यात्रेत, ऐन आरतीच्या वेळी, माळशिंगीच्या धोंडेश्वराचा चांदीचा मुखवटा कलंडला. आधी जरासा, शेजारी कोण उभं आहे ते बघावं तसा. मग घसरून थेट पुजाऱ्याच्या हातात आला. सभामंडपातल्या टाळ्या थांबल्या. ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला.

वैजयंता गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. पुजारी म्हणजे तिचेच वडील, रंगनाथ गुरव. अख्ख्या गावाचे आप्पा. धोंडेश्वराची पिंड काळ्या दगडाची. सणावाराला तिच्यावर चढवायचा तो मुखवटा इतका घट्ट बसायचा, की काढताना आप्पांना घाम फुटायचा. आज मात्र आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची घडी मुखवट्याच्या आत कोंबली आणि मुखवटा परत बसवला. हात जराही अडखळला नाही. वैजयंताला खटकलं ते मुखवटा पडला हे नव्हे, आप्पांचा तो सराईतपणा. हे काही आज पहिल्यांदा होत नव्हतं.

आरती उरकली आणि गर्दी अंगाऱ्याच्या रांगेत उभी राहिली. हा अंगारा नवलाचा होता. वर्षभरापासून पिंडीवरून हात फिरवला की करड्या पिठासारखी भुकटी हाताला लागायची. देव स्वतःच अंगारा द्यायला लागला, म्हणून पंचक्रोशीत गवगवा झाला होता. लांबलांबून माणसं यायची, पुड्या बांधून न्यायची. वैजयंतानंही आज एक पुडी बांधली. ती कपाळाला न लावता तिनं पर्समध्ये टाकली आणि ती गिरणीकडे निघाली.

"आगं, जेवून तर जा," आप्पा मागून म्हणाले.

"आलेच," ती म्हणाली. पण गेली ती गेलीच.

गिरणी म्हणजे पिठाची नव्हे, दगडाची. गावाच्या उत्तरेला खडी क्रशर होते, ते कधीच बंद पडले होते; पण त्यांनी मागे टाकलेले कचीचे, म्हणजे दगडाच्या भुग्याचे, ढिगारे डोंगराएवढे उभे होते. वारा सुटला की ती धूळ उडून डाळिंबाच्या बागांवर बसायची, ओढ्यात गाळ व्हायचा, लहान मुलं खोकायची. कामधंदा नव्हता म्हणून पोरं चाकणला, पुण्याला जायची आणि दिवाळीला पाहुण्यांसारखी यायची. मग एका कंपनीची ही गिरणी आली.

तिच्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. बहुतेक महाराष्ट्र ज्या काळ्या कातळावर बसला आहे, तो एकेकाळचा लाव्हा. पावसाचं पाणी पडताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आंबट होतं. ते कातळावर मुरलं की दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळतं आणि हवेतला तो कार्बन त्यांच्याशी बांधला जातो. काही पाण्याबरोबर समुद्राला मिळतो, काही मातीत चुनखडी होऊन बसतो. एकदा बांधला की परत हवेत यायला त्याला युगं लागतात. निसर्ग हे काम आपल्या सवडीनं करतो, त्याला हजारो वर्षं लागतात. माणसाला एवढी सवड उरलेली नव्हती. म्हणून दगडाचं पीठ करायचं, ते शेतात पसरायचं आणि त्याला एक जिवाणू लावायचा. हा जिवाणू आपल्या आम्लानं दगड कुरतडतो आणि हजार वर्षांचं काम दोन पावसाळ्यांत उरकतो. हवा निवळते, जमिनीला खनिजं मिळतात आणि गावाला काम मिळतं. डोंगर फोडायचा नाही, जुनी कचच वापरायची, आणि मोबदल्यात गावानं माळरान नांगरायचं नाही, असा करार होता. माळावर लांडगे परत दिसू लागले होते. वैजयंताचा भाऊ विलास बायकापोरांसह चाकणहून परत आला होता आणि पीठ पसरायचं यंत्र चालवत होता.

कऱ्हाडच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली वैजयंता त्या जिवाणूच्या खोलीची प्रमुख होती. ती शेजारच्या साखर कारखान्याची मळी घालून रोज जिवाणू वाढवायची. गावानं त्या खोलीचं नाव विरजण खोली ठेवलं होतं, आणि नाव ठेवण्यात गाव कधी चुकत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली अंगारा ठेवला आणि तिनं डोळा लावला. ओळखायला क्षणही लागला नाही. रोज सकाळी ती यांचंच तर तोंड बघत होती.

तिनं पुन्हा पाहिलं. मग खुर्चीत बसून राहिली. हे होणं शक्य नव्हतं. या जिवाणूला वरून गोड खाऊ लागतो. मळी संपली की तो निपचित पडतो आणि कोरडा राहिला की मरतो. दोन पावसाळ्यांचं काम त्याला पुरवून दिलेल्या मळीच्या हिशेबानं चालायचं. सगळी सुरक्षितता याच गोष्टीवर उभी होती. विहिरीच्या दगडी बांधावर, पुलावर, घराच्या जोत्यावर, ओल्या-कोरड्या सगळ्या दगडांवर तो सोडून पाहिला होता, आणि सगळीकडे तो उपाशी मेला होता.

पण कुठल्या शहाण्यानं, कुठल्या प्रयोगशाळेत, दगडाला रोज दूध, दही, तूप, मध आणि साखर घालून पाहिली होती?

तिला तो दिवस लख्ख आठवला. गिरणीचं उद्घाटन होतं. माळशिंगीत गाय व्याली की पहिलं दूध धोंडेश्वराला, गुऱ्हाळ लागलं की पहिला गूळ धोंडेश्वराला, बोअरला पाणी लागलं की पहिला तांब्या धोंडेश्वराला. तेव्हा गिरणीच्या विरजणाचाही पहिला तांब्या धोंडेश्वरालाच जाणार, हे कुणी ठरवावं लागलं नाही. कंपनीच्या साहेबांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला, हलगी वाजली, आप्पांनी डोळे मिटून तो पिंडीवर ओतला. वैजयंता शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती, कारण लेकीच्या कष्टाचा मान देवाला मिळाला म्हणून बाप त्या दिवशी भरून पावला होता.

आणि त्यानंतर आप्पांनी एक दिवस न चुकता त्या जिवाणूंना पंचामृत पाजलं होतं. वर गाभाऱ्याचा अंधार आणि ओलावा. कंपनीनंसुद्धा त्यांची एवढी बडदास्त ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती व्यवस्थापक निरगुडकरांसमोर बसली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"कंपनीला कळवायचंच," तिचं ऐकून झाल्यावर निरगुडकर म्हणाले. "पण कसं कळवायचं, हा प्रश्न आहे. वैजयंताताई, दिवाळीनंतर चाळीस गावांत अशाच गिरण्या सुरू होतायत. आत्ता 'जिवाणू देव खातो' अशी बातमी फुटली, तर काय होईल?"

"म्हणूनच तर म्हणतेय. चाळीस गावांत चाळीस पहिले तांबे जातील! एकच नियम करा, साहेब. विरजण देवळात जाऊ द्यायचं नाही. बस्स. आणि आमच्या देवाला जंतू मारणाऱ्या मोरचुदाच्या पाण्यानं एकदा धुवायचं, अभिषेक थांबवायचा, एक पावसाळा कोरडा ठेवायचा. गिरणी बंद करायची गरजच नाही."

"नियम केला की कारण लिहावं लागतं."

"मग लिहा."

"कारण लिहिलं की गिरणी बंद होते." त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "तुम्ही वडिलांना घरातल्या घरात सांगा ना. अभिषेक थांबवा म्हणावं. मात्र का, ते सांगू नका."

"कारण न सांगता गुरवाला अभिषेक थांबवायला सांगू?"

"प्रयत्न करून बघा," निरगुडकर म्हणाले. वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पाणी न पिता ग्लास होता तिथे परत सरकवला.

घरी तिनं कारणासकट सगळं सांगितलं. आप्पा माजघरात वाती वळत बसले होते. ऐकताना हात थांबले नाहीत.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"देव झिजतोय त्ये. माझ्या हाताला कळनार न्हाई व्हय? मिसरूड फुटल्यापास्नं ह्याच हातानं न्हाऊ घालतोय त्याला. आधी वाटलं, माझाच हात मोठा झाला." ते थोडं हसले. "मग म्हनलं, द्येव हाय, त्याला वाटंल तसं करंल. गावाच्या जमिनीसाठनं दगूड पीठ हुतोय, तर त्योबी हुतोय."

"आप्पा, त्याला वाटत नाहीये काही! किडा लागलाय त्याला. तुम्ही दूधसाखर घालताय म्हणून किडा जगतोय. नुसता अभिषेक थांबवा."

"देवाला उपाशी ठिवू?"

"दगडाला कोरडं ठेवा. आणि मोरचूद लावू द्या एकदा."

"मोरचूद? डाळिंबाला मारत्यात त्ये? इख हाय त्ये, वैजे."

"ज्यानं हलाहल पचवलं, त्याला चिमूटभर मोरचूद जड जाईल होय?"

आप्पांच्या हातातली वात अर्धीच राहिली. बोलला तो विलास. दारात उभं राहून तो सगळं ऐकत होता.

"झालं तुझं शास्त्र सांगून? आता बाहेर कुठं बोलू नगंस." त्यानं आवाज दाबला होता, पण मानेची शीर तटतटली होती. "तुला काय गं, तू शिकलेली, तुला कुटंबी नोकरी मिळंल. मी परत चाकणला जाऊ? त्या दहा बाय दहाच्या खोलीत पोरं न्हिऊ? गिरनी हाय म्हनून मी आज बापाच्या ताटाशेजारी ताट घिऊन बसतोय."

"गिरणी बंद करा असं मी म्हणतच नाहीये, विलास!"

"तू म्हनत न्हाईस. पर लोकं त्येच ऐकनार."

तो वाईट बोलला, पण खोटं बोलला नाही, हे वैजयंताला ग्रामसभेत कळलं.

ती सभेत बोलली. कुणाचंच न ऐकता बोलली, कारण पिंडीवर बोट टेकलं तरी आता खळगा पडत होता. तिनं जिवाणू समजावला, मळी समजावली, पंचामृत समजावलं. लोक शांतपणे ऐकत होते. तिला वाटलं, जमलं. मग सरपंच कमलकाकू खाडे उठल्या.

"वैजे, मला अडानीला सरळ सांग. गिरनी बंद करायची का?"

"नाही, काकू. गिरणी चांगली आहे."

"मग द्येव का झिजतोय?"

"गिरणीच्या विरजणानं."

"म्हंजी गिरनी वाईट."

"नाही हो! विरजण शेतात चांगलं, देवळात वाईट. देवाला काही झालेलं नाही, काकू. दगडाला झालंय."

हे शेवटचं वाक्य तिनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. सभा तिथंच पेटली. एक म्हणाला, आमचा देव दगड काय? दुसरा म्हणाला, गिरणीला टाळं लावा. त्यावर गिरणीत कामाला असलेली निम्मी सभा त्याच्या अंगावर धावून गेली. एकच कालवा. वैजयंता माइक धरून "ऐका, ऐका" म्हणत राहिली. शेवटी कमलकाकूंनीच टेबलावर थापा मारून सगळ्यांना गप्प केलं आणि सगळ्यांना पटेल असा तोडगा काढला. देव कोपलेला आहे. कोप शांत करायला हवा. श्रावणात महाअभिषेक करायचा. घराघरातनं दूध, डेअरीतनं दही, आणि साखरेची पोती कारखान्याकडून मागायची.

टाळ्या पडल्या. गिरणीविरुद्ध ओरडणारेही टाळ्या वाजवत होते आणि गिरणीवालेही. निरगुडकरांनी तर उठून माइक घेतला आणि कंपनीतर्फे देवाला पितळी कवच जाहीर केलं. पिंड पूर्ण झाकणारं, नक्षीदार. आता रोजच्या पूजेपुरतं ते काढायचं, एरवी देव कवचात राहील. म्हणजे झीज कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही.

वैजयंतानं कपाळावर हात मारून घेतला. आजाऱ्याला साखर वर्ज्य म्हणून सांगावं आणि घरच्यांनी त्याला लाडू करून घालावेत, तशातली गत. वर पितळी झाकण, म्हणजे ओल आतल्या आत. ती घरी आली आणि न जेवता आडवी झाली. आप्पा दारापर्यंत आले, उभे राहिले आणि परत गेले.

श्रावणात महाअभिषेक झाला. कवचावरून दुधाच्या धारा वाहिल्या, गोमुखातून पंचामृताचा ओढा आला, गावानं तीर्थ म्हणून बादल्या भरून नेल्या. वैजयंता गेली नाही. कवचाच्या फटींतून आत झिरपलेल्या दुधासाखरेनं कार्तिकापर्यंत पिंडीचा चिखल होईल, असा तिचा हिशेब होता. एकदा देव कोसळला की सगळे खडबडून जागे होतील, नियम होतील, मग निदान चाळीस गावं तरी वाचतील. असा विचार मनात आला याची तिला लाज वाटली, पण तो विचार गेला नाही.

कार्तिक आला. काहीच झालं नाही.

उलट अंगारा बंद झाला. पौर्णिमेला आप्पांनी कवच काढून सगळ्यांना दर्शन दिलं. पिंड लहान झालेली होती ती होतीच, पण खडखडीत होती. वैजयंतानं उंबऱ्यातून हात लांब करून बोट टेकलं. दगड बोटाला टणक लागला.

गाव म्हणालं, बघा, महाअभिषेक पावला. आता दर श्रावणात करायचा. निरगुडकर म्हणाले, "बघा वैजयंताताई, आपोआप थांबलं. जिवाणूचा संबंध असता तर थांबलं असतं का?" चाळीस गिरण्यांच्या कागदांवर सह्या झाल्या. विरजण देवळात नेऊ नये हा तिचा नियम, पुरावा नाही म्हणून, कुणी वाचलासुद्धा नाही. ती तोंडघशी पडली होती, आणि का पडली हेच तिला कळत नव्हतं. शास्त्र खोटं बोलत नाही असं ती सगळ्यांना सांगत आली होती. आता रात्रंदिवस स्वतःचीच गणितं तपासत होती.

एका सकाळी तिनं आप्पांना चहा दिला. त्यांनी कप हातात घेतला, पाहिलं आणि खाली ठेवला.

"कोरा दे."

"कोरा? कधीपासनं?"

"बिनसाखरंचा दे."

वहिनी चुलीपाशी होती, ती म्हणाली, "आवो, श्रावनापास्नं असंच चाललंय. दूध न्हाई, दही न्हाई, साखर न्हाई. दिवाळीचा लाडूबी तोंडात घातला न्हाई. डाक्टरकडं चला म्हनलं तर ऐकत न्हाईत."

वैजयंताचं लक्ष कपाशेजारच्या हाताकडे गेलं. आप्पांच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. डाळिंबाच्या बागेत फवारणी करणाऱ्यांच्या असतात तशा.

वहिनी पाण्याला बाहेर जाईपर्यंत ती थांबली. मग बापाचा हात हातात घेऊन तिनं अंगठ्यानं ते नख पुसून पाहिलं. निळा रंग गेला नाही.

"आप्पा. मोरचूद लावलंत?"

आप्पांनी दाराकडे पाहिलं. "कवाच. कवच चडवायच्या आदी. चंदू खाड्याच्या बागंतनं आनलं, म्हनलं देवळाम्होरल्या उंबराला कीड लागलीया. आजूनबी मधीमधी लावतो." ते हळूहळू बोलत होते. "हलाहल पचीवलं म्हनलीस न्हवं तू. मग देव चांगला कोरडा क्येला, वर कवच बशिवलं आन बुडाला समदीकडनं मेण लावलं. दूध पितळंवरनं जातं. आत थेंब जात न्हाई."

"पण रोज कवच काढून आंघोळ..."

"दार लावतो, आत बसतो, मंत्र म्हनतो, आन उठतो. लोकांस्नी वाटतं, झाली आंगूळ." दुसऱ्या हातानं त्यांनी कप आणखी लांब सरकवला. "देव उपाशी हाय माझा, वैजे. माझ्यामुळं उपाशी हाय. मग मला ग्वाड कसं जाईल?"

वैजयंताला रडू फुटलं. तिला बापाचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्याच्यावर भयंकर रागही आला. मला सांगितलं असतंत तर! हाच तर पुरावा होता. मोरचूद लागलं, अभिषेक थांबला आणि झीज थांबली. याहून सरळ प्रयोग जगात झाला नसेल. पण तो मांडायचा म्हणजे गावासमोर सांगायचं, की रंगनाथ गुरवानं महाअभिषेकाच्या दिवशी देवाला एक थेंब लागू दिला नाही. गाव त्यांना देवळाच्या पायरीवर उभं करणार नाही. ती रोज गप्प बसायची आणि रोज एकेका गावाची तारीख जवळ यायची.

पहिली तारीख बोरजाईची आली. निरगुडकरांनी आप्पांना खास बोलावलं होतं. ज्यांच्या हातून देव बरा झाला, त्यांच्याच हातून पहिला तांब्या द्यायचा. आप्पा हो म्हणाले. ते का हो म्हणाले हे वैजयंताला समजेना, आणि विचारायचा धीर होईना.

बोरजाईला पोचल्या पोचल्या ती तिथल्या गुरवाला, शिदू गुरवाला, गाठून बाजूला घेऊन गेली. परोपरीनं सांगितलं. शिदू तरणा, हसरा माणूस. "ताई, तुमच्या देवाला पैला मान मिळाला, आन आमच्या देवाला नगं व्हय?" असं म्हणून तो पीतांबर नेसायला गेला. तिनं निरगुडकरांकडे पाहिलं तर त्यांनी तिच्याकडे पाठ केली. विलास यंत्राला हार घालत होता. त्यानं तिच्याकडे पाहून मान हलवली, आता नको म्हणून.

देवळासमोर मांडव होता. पाहुणे, फेटे, हलगीवाले. पहिल्या रांगेत माळशिंगीच्या कमलकाकू बसल्या होत्या. विरजणानं भरलेला तांब्या आप्पांच्या हातात दिला गेला. शिदू समोर ओंजळ करून उभा राहिला. त्याला तांब्या द्यायचा, त्यानं आत जाऊन ओतायचा, एवढंच काम होतं.

आप्पांनी तांब्या दिला. पण सोडला नाही. दोन गुरवांचे चार हात त्या तांब्यावर होते.

"शिदू," आप्पा म्हणाले, "ह्ये देवाला घालू नगंस. माझा देव ह्यानं झिजला. श्रावणापास्नं मी त्याला दुधाचा थेंब दिला न्हाई. महाअभिषेक नुसता पितळंवरनं ग्येला. उपाशी ठिवला, म्हनून जगलाय."

मांडवात क्षणभर कुणाला काही कळलं नाही. कमलकाकूंना मात्र कळलं आणि त्या खुर्चीचे हात धरून उठू लागल्या. निरगुडकरांनाही कळलं. त्यांनी हात वर करून हलगीवाल्यांना खूण केली. हलगी कडाडली, शिंग फुंकलं गेलं, आणि मागच्या लोकांना वाटलं, पहिला तांब्या निघाला. टाळ्या सुरू झाल्या. आप्पांचे ओठ अजून हलत होते, पण आता शब्द कुणालाच ऐकू येत नव्हते.

विलास धावत आला. वैजयंताला वाटलं, तो आप्पांना ओढून नेणार. पण तो त्यांच्याशेजारी उभा राहिला आणि त्यानं त्यांचा दंड धरला, पडू नयेत म्हणून.

शिदू मात्र हातभर अंतरावर होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आप्पांच्या तोंडाकडे बघत होता, वाळलेल्या गालांकडे, निळ्या नखांकडे. देवाला एक दिवस उपाशी ठेवणं म्हणजे काय, हे त्या मांडवात आप्पांखेरीज फक्त त्यालाच ठाऊक होतं. वैजयंतानं इतक्या महिन्यांत जे शास्त्र घसा फोडून सांगितलं होतं, त्यातला एक शब्दही त्याला कळला नसेल.

हलगी वाजत होती. शिदूनं तांब्या आप्पांच्या हातातून काढून घेतला आणि खाली जमिनीवर ठेवला.